बिऱ्हाड आणि घर : उतारवयातील निवाऱ्याचा एक इतिहास

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की तिच्यातील क्रियापदाकडे सहसा लक्ष जात नाही. म्हणीतले घर बांधायचे आहे. ते विकत घेण्याची कल्पना तिच्यात नाही, आणि भाड्याने घेण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. भाड्याच्या जागेतील वास्तव्यासाठी मराठीने निराळा शब्द राखून ठेवला होता : बिऱ्हाड. बिऱ्हाड मांडायचे असते, थाटायचे असते, हलवायचे असते, बांधायचे नसते. चाळीत किती बिऱ्हाडे आहेत असे विचारताना आपण खोल्या मोजत नाही, कुटुंबे मोजतो. घर हा शब्द वास्तूला चिकटलेला आहे, तर बिऱ्हाड हा शब्द माणसांना. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, घर नव्हे.

साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाने आयुष्यभराची पुंजी घालून घर विकत घ्यावे की भाड्याच्या जागेत राहावे, या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याकडे जवळजवळ ठरलेले आहे. म्हातारपणी स्वतःचे छप्पर हवेच, असे सांगणाऱ्या आप्तांना आपण शहाणे समजतो. परंतु हे शहाणपण किती जुने आहे? मुंबई-पुण्यातील पांढरपेशा मराठी समाजापुरता विचार केला तरी असे दिसते की, हे उत्तर फार तर दोन-तीन पिढ्यांचे आहे. त्याआधी अनेकांनी याच प्रश्नाला नेमके उलट उत्तर दिले होते, आणि तेही तेवढेच शहाणपणाचे होते. दोन्ही उत्तरांमागे माणसांच्या स्वभावापेक्षा कायद्याचा हात अधिक होता, असे दाखवण्याचा येथे प्रयत्न आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईत घराची मालकी हा सामान्य नोकरदाराच्या कल्पनेतला विषय नव्हता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वसाहती आखल्या, १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बीडीडी चाळी उभारल्या, गिरगावात आणि परळ-लालबागेत खासगी मालकांनी चाळी बांधल्या. या सर्वांत एक गोष्ट समान होती : राहणारा भाडेकरू होता. दादरच्या हिंदू कॉलनीत आणि पुढे शिवाजी पार्कच्या परिसरात उभ्या राहिलेल्या, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि संडास असलेल्या ‘ब्लॉक’मध्येही मध्यमवर्ग भाड्यानेच राहायला आला. इमारत एका मालकाची आणि तिच्यातला एकेक मजला किंवा फ्लॅट निरनिराळ्या माणसांच्या मालकीचा, ही कल्पना तेव्हा रूढ व्हायची होती.

या काळातील एक संस्था मात्र मुद्दाम आठवावी अशी आहे. श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी स्थापन झाली. सहकारी गृहनिर्माणाच्या चळवळीचा आपल्याकडील आरंभ तेथून मानला जातो. तिची कल्पना आजच्या सोसायटीपेक्षा निराळी होती. इमारतींची मालकी संस्थेची, सभासद संस्थेचा भागधारक आणि त्याच वेळी संस्थेचा भाडेकरू. म्हणजे मालकी आणि भाडे ही दोन टोके आहेत, मधे काहीच नाही, असे त्या पिढीने मानले नव्हते.

मग या भाडेकरूचे म्हातारपण कोठे जात असे? नोकरीपुरते शहर आणि निवृत्तीनंतर गाव, हे बहुतेकांच्या मनातील चित्र होते. कोकणातून आलेल्या चाकरमान्याच्या लेखी मुंबईची खोली हे बिऱ्हाड होते आणि घर गावाला होते. ते वडिलांनी किंवा आजोबांनी बांधलेले असे. भोवती चार कलमे आणि खंडाने लावलेली थोडीशी जमीन असे. ज्यांना परवडत असे ते सरकारी पेन्शनर पुण्याचा रस्ता धरत. १९२० च्या दशकापासून डेक्कन जिमखाना, एरंडवणे या बाजूस वाढत गेलेल्या बंगल्यांच्या वस्तीने पुण्याला ‘पेन्शनरांचे गाव’ ही ओळख मिळवून देण्यास हातभार लावला. काही वृद्ध, विशेषतः विधवा स्त्रिया, काशी, नाशिक, पंढरपूर अशा क्षेत्री जाऊन एखादी खोली घेऊन राहत. उतारवयात घराचा मोह सोडावा हा वानप्रस्थाचा आदर्श कितीही क्षीण झाला असला, तरी अशा निर्णयाला तो एक प्रतिष्ठा देत होता. भाड्याच्या खोलीत अखेरचे दिवस काढणे म्हणजे आयुष्यात अपयशी ठरणे, असा अर्थ त्या काळी कोणी लावला नसता.

स्वातंत्र्याच्या आगेमागे दोन कायद्यांनी हे चित्र पालटले. पहिला कायदा शहरातला. घरभाड्यावरील नियंत्रण मुंबईला अपरिचित नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ते प्रथम आले होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुन्हा आले. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला आणि त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच सामान्यतः प्रमाण भाडे मानले. वास्तविक हा ठरावीक मुदतीचा कायदा होता. पण मुदतवाढ घेत घेत तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. दुसरा कायदा गावातला. १९४८ चा कूळकायदा आणि त्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजी पाळला गेलेला कृषकदिन यांनी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक केले. शहरात नोकरी करणाऱ्या आणि गावची जमीन खंडाने देणाऱ्या पांढरपेशांच्या हातून ती जमीन गेली.

हे दोन्ही कायदे एकाच दृष्टीचे होते. जो प्रत्यक्ष राबतो किंवा राहतो त्याचा हक्क कागदावरच्या मालकापेक्षा मोठा, ही ती दृष्टी. परंतु एकाच कुटुंबाला ती दोन्ही बाजूंनी भेटली, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. गावात जमीनमालक म्हणून ज्याने गमावले, तोच शहरात भाडेकरू म्हणून कमावून बसला. गावच्या घराचा आर्थिक आधार ढासळला आणि गिरगावातल्या खोलीला कायद्याचे कुंपण मिळाले. निवृत्त होणाऱ्या माणसाचा पाय शहरातून का निघेनासा झाला, याचे एक कारण या योगायोगात आहे. बिऱ्हाड हेच घर झाले.

या कुंपणाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. भाडे वेळच्या वेळी भरणाऱ्या भाडेकरूला कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज काढता येत नव्हते. मालकाला स्वतःला राहण्यासाठी जागा हवी असली, तरी ती गरज खरी आहे का आणि जागा सोडल्याने भाडेकरूला अधिक हाल सोसावे लागतील की न मिळाल्याने मालकाला, याची तुलना न्यायालयाने करायची होती. साठीतल्या माणसाच्या दृष्टीने ही तरतूद अमोल होती. त्याहून महत्त्वाची तरतूद वारशाची. भाडेकरू वारल्यास त्याच्याबरोबर राहत असलेल्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जाई. म्हणजे कोण कोणाचा वारस, यापेक्षा मृत्यूच्या वेळी कोण बरोबर राहत होते, हे पाहिले जाई. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येण्यापूर्वी विधवेला नवऱ्याच्या मिळकतीवर पूर्ण मालकी नव्हती, हे ध्यानात घेतले की या तरतुदीचे वजन कळते. मालकीच्या घरात जी स्त्री आश्रित ठरू शकत होती, ती भाड्याच्या खोलीत कायद्याने स्थिर होती.

अशा स्थितीत निवृत्तीच्या वेळी हाती आलेला प्रॉव्हिडंट फंड घरात घालण्याचे कारण काय? जवळजवळ गोठलेल्या भाड्यात डोक्यावर छप्पर आहे, बाजार पायाशी आहे, डॉक्टर ओळखीचा आहे, रात्री-अपरात्री हाक मारली तर दहा दारे उघडणार आहेत. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने १९५८ मध्ये या जगाची जी मिस्कील आणि अखेरीस हुरहुर लावणारी नोंद केली, तिच्याकडे या अंगानेही पाहता येईल. तिथल्या माणसांना एकमेकांपासून सुटका नाही, कारण कोणालाच चाळ सोडून जाण्याचे कारण नाही. त्या शेजारधर्माच्या मुळाशी माणसांचा चांगुलपणा होता तसाच भाडे नियंत्रण कायदाही होता.

परंतु या सुरक्षिततेची किंमत होती, आणि ती तीन प्रकारे मोजावी लागली. पहिली किंमत हालचालीची. त्याच कायद्यात असे होते की भाडेकरूने राहण्याजोगी दुसरी जागा मिळवली, तर त्याच्याकडून पहिली जागा परत मागता येईल. आणि योग्य कारणावाचून सलग सहा महिने जागा वापरात नसली, तरीही मागता येईल. उपनगरात फ्लॅट घेणाऱ्या निवृत्त माणसाला म्हणून दहादा विचार करावा लागे. फ्लॅट मुलाच्या नावावर घ्यावा काय, याची कुजबुज चाले. परगावी किंवा परदेशी मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांचे लक्ष कॅलेंडरकडे असे. जागा टिकवण्यासाठी जागेत राहणे भाग होते.

दुसरी किंमत इमारतीची. १९४० च्या भाड्यात १९७० ची दुरुस्ती होत नाही. जिने खचले, सज्जे कोसळले, पावसाळ्यात माणसे दगावू लागली. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी कायदा करावा लागला. मुंबई बेटावरील सुमारे १९ हजार इमारती उपकराच्या व्यवस्थेत आल्या. कायद्याने म्हाताऱ्या भाडेकरूला हलवू दिले नाही, पण त्याच्या डोक्यावरची तुळई त्या कायद्याला सांभाळता आली नाही.

तिसरी किंमत दुसऱ्याच कोणाच्या म्हातारपणाने मोजली. घरमालक म्हटला की आपल्या साहित्यात बहुधा एक आडमुठा, खडूस माणूस उभा राहतो. परंतु पुण्यातल्या पेठांमधील वाड्यांचे सगळे मालक धनाढ्य नव्हते. चार बिऱ्हाडकरूंच्या भाड्यावर उतारवय काढण्याची आशा धरणारी विधवा मालकीणही त्यांच्यात असू शकत होती आणि तिचे उत्पन्न १९४० मध्येच थिजले होते. दोन म्हातारपणांमध्ये कायद्याने एकाची निवड केली होती. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाडे असे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असे स्पष्ट केले. त्या निकालाने मालकांची ही जुनी तक्रार मान्य झाली.

दरम्यान मालकीच्या फ्लॅटची कल्पना मूळ धरत होती. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधण्यात कोणालाच फायदा उरला नाही, तेव्हा बांधणाऱ्यांनी विकण्यासाठी बांधायला सुरुवात केली. भाडेकरूला दिलेल्या संरक्षणानेच नव्या भाडेकरूंसाठी दारे बंद केली, हा यातील मोठा विरोधाभास. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी फ्लॅटविषयीचा कायदा यांनी या व्यवहाराला चौकट दिली. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या एचडीएफसीने पगारदाराला गृहकर्जाची सवय लावली. १९७३ मध्ये आणखी एक घटना घडली. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे लिव्ह अँड लायसन्सने राहत होते, त्यांना कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण मिळाले. रिकामी जागा असलेल्या मालकाने यातून एकच धडा घेतला : जागा कुलपात ठेवावी, पण कोणाला देऊ नये. ज्यांच्याकडे जुनी खोली नव्हती, त्यांना पागडी भरणे किंवा फ्लॅट घेणे याखेरीज मार्ग राहिला नाही. पागडी १९९९ चा कायदा येईपर्यंत बेकायदा होती. पण ‘बेकायदा’ या शब्दाने ती थांबली नव्हती. गिरगावची खोली पागडीने सोडून, त्या रकमेत फंडाची भर घालून डोंबिवलीला किंवा बोरिवलीला जागा घेणे, हा अनेक निवृत्तांचा जीवनक्रम झाला.

नेमक्या याच संधिकाळात, १९७० मध्ये, वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. गणपतराव बेलवलकर निवृत्त होताना आपली मिळकत मुलांना वाटून टाकतात आणि आधी मुलाच्या, मग मुलीच्या घरी आश्रित होऊन अखेर रस्त्यावर येतात. या नाटकाचा विचार आपण ‘किंग लिअर’च्या संदर्भात आणि कलावंताच्या शोकांतिकेच्या अंगाने पुष्कळ केला आहे. त्याच्या घराविषयीच्या भागाकडे मात्र प्रतीक म्हणूनच पाहिले गेले. प्रेक्षागृहात बसलेल्या पन्नाशीच्या माणसाला तेथे प्रतीकापलीकडचे काही ऐकू आले असेल, असे मला वाटते. त्या पिढीच्या आजोबांना गाव होते, वडिलांना कायद्याने राखलेली खोली होती. आता प्रथमच घर ही देता येणारी, विकता येणारी, म्हणून गमावता येणारीही वस्तू होत होती. त्याच दशकातील जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’मध्ये याची दुसरी बाजू दिसते : तेथे घर आहे, पण मुले त्यात परत येणार नाहीत. एका नाटकात माणसांपायी घर जाते, दुसऱ्यात घर राहून माणसे जातात. घर राखले म्हणजे म्हातारपण राखले, हे समीकरण ते रूढ होत असतानाच मराठी नाटकाने तपासून पाहिले होते.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बव्हंशी कायम ठेवले, भाड्यात दर वर्षी ४ टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला दिली आणि पागडीला मान्यता दिली. परंतु नव्याने जागा शोधणाऱ्यासाठी खरी व्यवस्था लिव्ह अँड लायसन्सचीच राहिली. करार संपला की जागा सोडायची. न सोडल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई. अकरा महिन्यांचा करार हा आता आपल्या भाषेतलाही एक काळ झाला आहे. अधिक सालांचे करार होतात, पण त्यांनाही अखेरची तारीख असते आणि त्या तारखेनंतर राहणाऱ्याचे वय, आजारपण किंवा त्या गल्लीतले त्याचे वीस वर्षांचे वास्तव्य यांपैकी कशाचीही तुलना मालकाच्या गरजेशी करावी लागत नाही. एकाच शहरात, एकाच इमारतीत, पहिल्या मजल्यावरचा १९६० चा भाडेकरू आणि दुसऱ्या मजल्यावरचा आजचा भाडेकरू यांना आपण एकच शब्द वापरतो. त्यांच्या म्हातारपणात मात्र काहीही साम्य नाही.

म्हणून आज कोणी ज्येष्ठ गृहस्थ म्हणतात की काहीही करून स्वतःचे घर हवे, तेव्हा ते वाडवडिलांची परंपरा सांगत नसतात; गेल्या पाव शतकातील कायद्याचा अर्थ अचूक वाचत असतात. आणि त्यांच्या वडिलांनी ‘जागा आहे ना, मग फ्लॅट कशाला?’ असे म्हटले असेल, तर तेही त्यांच्या काळातील कायदा तितक्याच अचूकपणे वाचत होते. वडिलांना दूरदृष्टी नव्हती, हा मुलांच्या पिढीने केलेला आरोप न्याय्य नाही.

तरीही मालकीने सगळे सुटते असे नाही. पुण्यात १९७०-८० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या कित्येक सोसायट्या तीन-चार मजल्यांच्या आणि लिफ्टविना आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा मालक निर्वेध असतो, पण त्याच्या गुडघ्यांना ते ठाऊक नसते. इमारत पुनर्विकासाला गेली की पंचाहत्तरीच्या मालकाला दोन-तीन वर्षांसाठी भाड्याची जागा शोधावी लागते. भाडे बिल्डर देतो, पण नव्या शेजाऱ्यांच्या नावांपासून सारे आयुष्य पुन्हा मांडावे लागते. आयुष्यभर जे टाळण्यासाठी घर घेतले, ते बिऱ्हाड अखेरीस पाठीवर येतेच. २००७ नंतर आलेल्या रिव्हर्स मॉर्गेज योजनेत घर न सोडता त्यातून मासिक रक्कम मिळवण्याची सोय होती; ती आपल्याकडे रुजली नाही. कारण घर हे निवारा, पुंजी आणि वारसा या तिन्ही रूपांत एकदम हवे असते, आणि त्यांतील तिसऱ्या रूपासाठी पहिल्या दोहोंना मुरड घालण्याची आपल्याला सवय आहे. २००७ च्याच ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत ती अट न पाळल्यास परत मिळवता येईल, असे कलम २३ आले. ‘नटसम्राट’नंतर सदतीस वर्षांनी कायद्याने बेलवलकरांना एक अर्ज करण्याची जागा दिली, असे म्हणता येईल. तो अर्ज मुलाविरुद्ध करायचा असतो, ही त्यातली अडचण कोणत्याही कलमाने दूर होणारी नाही.

या साऱ्या इतिहासातून घ्यावे की भाड्याने राहावे, याचे उत्तर निघत नाही. प्रश्न मात्र बदलतो. उतारवयातील माणसाला कागदावर नाव हवे असते ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी : उद्या मला येथून ऊठ असे कोणी म्हणू नये. हा राहण्याचा हक्क काही काळ गावच्या घराने दिला, काही काळ भाडे नियंत्रण कायद्याने दिला आणि आता तो मालकीनेच मिळतो, असे आपण धरून चाललो आहोत. १९४७ च्या कायद्याने तो दिला तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी म्हातारपणावर बोजा टाकला आणि इमारतींची वाताहत केली. १९९९ च्या कायद्याने तो बोजा उचलला, पण नव्याने येणाऱ्या भाडेकरूचा हक्कही त्याबरोबर गेला. या दोहोंच्या मधली वाट असू शकते, हे गावदेवीच्या सोसायटीने १९१५ मध्ये, स्वतःच्याच संस्थेचा भाडेकरू होऊन, दाखवले होते. त्या वाटेने आपण पुढे गेलो नाही.

जुनी खोली सोडताना वृद्ध माणसे अजूनही ‘बिऱ्हाड हलवले’ असे म्हणतात, मग ती खोली साठ वर्षे त्यांच्याकडे असली तरी. नव्या फ्लॅटच्या मालकीचे कागद हातात असूनही पहिली काही वर्षे त्यांच्या बोलण्यात ‘घरी’ म्हणजे चाळीतच असते. कोणत्या जागेला घर म्हणायचे याचा निर्णय त्यांनी खरेदीखत होण्याच्या कितीतरी आधी करून टाकलेला असतो. त्या निर्णयाला कायद्याने पुन्हा काही किंमत द्यावी की नाही, हा प्रश्न आता आपल्या पिढीच्या वयाशी येऊन ठेपला आहे.